गिटारची कडपट्टी, हमीपत्र आणि ग्राहक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वाद्यावर लेख लिहावा, हे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वाद्य ही कलेची वस्तू असली तरी ती बाजारात विकत मिळते. तिला किंमत असते, पावती असते, हमीपत्र असते. म्हणजेच ती आपल्या अभ्यासाचीही वस्तू होय. बी. कॉम.च्या वर्गात आपण १९३० चा मालविक्री कायदा शिकतो, परीक्षेत 'अट' आणि 'हमी' यांतील फरक पाच गुणांसाठी लिहितो आणि मग विसरून जातो. तोच फरक एखाद्याच्या कष्टाच्या पैशाशी जोडला गेला की कसा जिवंत होतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

उदाहरण घरचेच आहे. माझा थोरला चुलतभाऊ गणेशगुडीजवळच्या एका पर्यटक निवासात काम करतो. काळी नदीवर राफ्टिंगसाठी आलेल्या पाहुण्यांना तो संध्याकाळी गिटारवर गाणी वाजवून दाखवितो, लग्नसराईत वाजवायलाही जातो. फेब्रुवारीत त्याने साठविलेल्या पैशांतून जिल्ह्याबाहेरच्या एका शहरातील दुकानातून ९,५०० रुपयांची ॲकॉस्टिक गिटार घेतली. जुलैमध्ये गिटारच्या कंबरेपाशी कडेची पांढरी पट्टी सुटून वर आली. एक रुपयाचे नाणे आत सरकेल एवढी फट पडली. हमीपत्र एक वर्षाचे होते. दुकानदार म्हणाले, "अहो, तुमच्या जोयड्यात पाऊसच एवढा, त्याला आम्ही काय करणार? हवामानाला हमी लागू नाही." हमीपत्रावर तसे छापलेलेही होते.

हे उत्तर बरोबर होते काय? यासाठी प्रथम वस्तू समजून घ्यावी लागते आणि नंतर कायदा.

कडपट्टी कशासाठी?

गिटारचे पोकळ शरीर म्हणजे पुढची फळी, पाठीची फळी आणि त्यांना जोडणाऱ्या वाकविलेल्या बाजू. पुढची फळी बहुधा स्प्रूससारख्या हलक्या लाकडाची असते. पाठ आणि बाजू यांना शिसव फार मानाचे लाकूड समजतात. आपल्या रानातील शिसव, ज्याला कन्नडमध्ये 'बीटे' म्हणतात, त्याच जातीचे लाकूड जगभरचे गिटार बनविणारे वापरतात. फळी आणि बाजू जिथे मिळतात तिथे लाकडाचा कापलेला शेव उघडा पडतो. ओल तिथूनच सर्वांत लवकर शिरते आणि धक्काही तिथेच बसतो. म्हणून त्या काठावर बारीक खाच पाडून तीत एक पट्टी चिकटवितात. तिला बाइंडिंग म्हणतात. साडीचा काठ जसा शोभेचा असतो आणि कापड उसवू नये म्हणूनही असतो, तसेच हे.

ही पट्टी कधी लाकडाची असते, पण बहुतेक वेळा सेल्युलॉइडची किंवा एबीएस नावाच्या प्लास्टिकची असते. सेल्युलॉइडचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत जॉन हायट याने १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून ते बाजारात आणले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधावा, हा त्यामागचा एक हेतू होता. हा कापूर आणि राहिलेला द्रव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो आणि पट्टी आखूड होत जाते. आखूड झालेली पट्टी सरळ होऊ पाहते. गिटारची कंबर आत वळलेली असल्यामुळे पट्टी नेमकी तिथेच सुटते. धनुष्याची दोरी जशी कमानीला सोडून सरळ राहते, तसा हा प्रकार आहे. नामांकित आणि महागड्या गिटारींतही हा दोष आढळतो. तेव्हा तो स्वस्त मालातच असतो असे समजू नये.

दोष ओळखावा कसा?

पट्टी सुटण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले, वर सांगितलेले आकुंचन. दुसरे, कारखान्यात डिंक अपुरा लावणे किंवा खाचेतील धूळ न झाडता पट्टी बसविणे. तिसरे, पट्टी गरम करून कंबरेच्या वळणाला नीट आकार न देता जबरदस्तीने वाकविणे. अशी पट्टी आतून सतत उलगडू पाहते. आणि चौथे, वापरणाऱ्याची हयगय: उन्हात बंद गाडीत गिटार ठेवणे, पाण्यात भिजविणे, आपटणे.

हवामानाचा वाटा नाकारता येणार नाही. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. प्लास्टिक मात्र तेवढे हलत नाही. गिटारसाठी हवेतील आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के असावी असे सांगतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या वर सहज जाते. फुगलेले लाकूड पट्टीवर ताण आणते. परंतु नीट चिकटविलेली पट्टी हा ताण सोसते. म्हणून हवामान हे पुष्कळदा निमित्त असते, मूळ कारण नव्हे.

मूळ कारण कोणते, हे पाहण्याच्या काही साध्या खुणा आहेत. ओलीमुळे वाद्य बिघडले असेल तर बिघाड एकट्या पट्टीपुरता राहात नाही. पुढची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, ब्रिजच्या मागची कड सुटू लागते, पॉलिश पांढुरके पडते. हे काहीच नसून केवळ कंबरेपाशी पट्टी सुटली असेल, तर संशय चिकटविण्याच्या कामावर जातो. मग बॅटरीच्या उजेडात फटीच्या आत पाहावे. खाचेत कोरडे, स्वच्छ लाकूड दिसले तर तिथे डिंक पोचलाच नव्हता. डिंकाचा गुळगुळीत चकाकता थर एकाच बाजूला दिसला तर तो दुसरीकडे धरलाच नाही. उलट पट्टीच्या मागे लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले, तर जोड मूळचा पक्का होता आणि मोठ्या ताणाने किंवा धक्क्याने तुटला. शेवटची खूण, पट्टीची दोन टोके जिथे जुळतात तिथे अंतर पडले आहे काय, हे पाहणे. पडले असल्यास पट्टी आखडली आहे.

भावाच्या गिटारची फळी सपाट होती, ब्रिज पक्का होता आणि खाचेत सहा बोटे लांबीपर्यंत कोरडे लाकूड दिसत होते.

मिरजेची पेठ

वाद्याबद्दल जाणकाराचे मत हवे म्हणून आम्ही मिरजेला गेलो. लोंढ्याहून मिरजेचा रेल्वेमार्ग आपल्याला सोयीचा आहे. एकोणिसाव्या शतकात मिरजेतील शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रे पाजळणाऱ्या कारागिरांनी, सतार व तंबोरे करण्यास सुरुवात केली. फरीदसाहेब हे त्यांतले मूळपुरुष मानले जातात. पुढे हीच घराणी 'सतारमेकर' या आडनावाने प्रसिद्ध झाली. पंढरपूर भागातील भोपळे तिथे येतात आणि तंबोरे होऊन देशभर जातात. तंबोऱ्याच्या काठावरची नक्षीची पट्टी पाहिली की गिटारच्या कडपट्टीची आठवण होते. पूर्वी अशा कामात हस्तिदंत वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी त्याची जागा घेतली आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ग्राहकाने तिचा अर्थ नीट घ्यावा. १९९९ च्या कायद्याखालील हे मानांकन नावाचे आणि उगमस्थानाचे रक्षण करते. मिरजेचे नाव भलत्याने वापरू नये, एवढी त्याची हमी. तुम्ही घेतलेल्या अमुक एका तंबोऱ्याची पट्टी सुटली तर त्याचा निवाडा मानांकनावरून होत नाही. तो विक्रीच्या करारावरून होतो. हातकामाच्या वाद्याबरोबर छापील हमीपत्र नसले, तरी पावती मागून घ्यावी ती याचसाठी.

तिथल्या एका कारागिराने गिटार तपासून दुरुस्तीची रीत समजावून दिली. सुटलेल्या भागातील जुना डिंक बारीक पटाशीने व पॉलिश पेपरने खरवडून काढावयाचा. पट्टी मंद ऊब देऊन मऊ करावयाची आणि बोटांनी वळणावर बसवून पाहावयाची. ती पुरत असेल तर योग्य डिंक लावून कापडी टेपने किंवा दोरीने आवळून किमान एक दिवस ठेवावयाची. पुरत नसेल तर टोकाच्या जोडापर्यंत मोकळी करून पुढे सरकवावयाची आणि राहिलेल्या जागी त्याच रंगाचा तुकडा भरावयाचा. शेवटी उंचवटा घासून पॉलिश जुळवावयाचे. ऐकायला सोपे वाटते. पण पहिल्याच पायरीवर पॉलिश ओरखडले तर खर्च दुप्पट होतो.

घरच्या घरी हे करू पाहणाऱ्यांस दोन इशारे. सेल्युलॉइड हा भडकन पेट घेणारा पदार्थ आहे. त्याला मेणबत्ती, काडी किंवा तापलेली इस्त्री दाखवू नये. आणि नखांचा रंग काढण्याच्या ॲसिटोनने पट्टीही विरघळते व पॉलिशही. तिसरी गोष्ट कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची: तक्रार करावयाची असेल तर तक्रारीपूर्वी वाद्याला हात लावू नये. इन्स्टंट ग्लूचा एक थेंब टाकला की खाचेतील कोरडे लाकूड, म्हणजे आपला पुरावा, झाकला जातो. आणि 'तुम्हीच खोललेत' असे म्हणावयास विक्रेता मोकळा होतो. पण फट तशीच ठेवून वाजवीत राहिल्यास ओल आत शिरून नुकसान वाढते. यावर उपाय एवढाच की तारा सैल कराव्यात, गिटार पेटीत कोरड्या जागी ठेवावी, निरनिराळ्या बाजूंनी तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि लेखी तक्रार विनाविलंब पाठवावी.

आम्ही कारागिराकडून दुरुस्ती करून घेतली नाही. त्यांचे मत आणि १,२०० रुपयांचा अंदाज मात्र त्यांच्या सहीनिशी लिहून घेतला.

'गॅरंटी'चे तीन अर्थ

आता कायद्याकडे वळू. दुकानात 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे शब्द सरमिसळ वापरतात. कन्नडमध्ये 'खातरी' म्हणतात, आपण 'खात्री' म्हणतो. शब्द एकाच कुळातला. परंतु पुस्तकात फरक आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ मधील 'गॅरंटी' म्हणजे तिसऱ्याच्या कर्जाबद्दल किंवा कर्तव्याबद्दल दिलेला जामीन. तीत तीन पक्ष असतात. गिटारच्या व्यवहारात तसा तिसरा कोणी नसतो. तेव्हा दुकानातील 'गॅरंटी' ही त्या अर्थाने गॅरंटी नव्हेच.

मालविक्री कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कराराच्या मूळ हेतूला आवश्यक असे जे कलम ती 'अट', आणि दुय्यम जे कलम ती 'हमी'. अट मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मिळते. कलम १६ प्रमाणे, त्या प्रकारच्या मालाच्या विक्रेत्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो बाजारात चालण्याजोगा असावा, ही अट न लिहिताही गृहीत धरली जाते. मात्र ग्राहकाने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसावयास हवा होता अशा दोषाला ही अट लागू नाही. डिंक न पोचलेली खाच पट्टीखाली झाकलेली होती. ती फेब्रुवारीत कोणत्याही डोळ्यांना दिसली नसती.

परंतु इथे एक मेख आहे. कलम १३ प्रमाणे ग्राहकाने माल एकदा स्वीकारला की, वेगळे ठरले नसल्यास, अटीचा भंगही हमीचा भंग म्हणूनच धरावा लागतो. पाच महिने वाजविलेली गिटार परत करणे या कायद्याने कठीण. ही उणीव ग्राहक संरक्षण कायद्याने भरून काढली.

ग्राहकाचा कायदा

आपल्याकडे ग्राहक चळवळीला महाराष्ट्रात जोर आला तो १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली; तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला.

या कायद्यात 'दोष' म्हणजे कायद्याने, करारान्वये (मग तो शब्दांत असो वा गृहीत) किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे वस्तूचा जो दर्जा असावयास हवा त्यात कोणतीही उणीव. म्हणून हमीपत्र ही ग्राहकाच्या हक्काची सीमा नव्हे. हमीपत्र संपले किंवा मुळात नव्हतेच, तरी दोष सिद्ध झाल्यास तक्रार करता येते. कलम ३९ खाली आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो.

दोन शंका मला स्वतःला आल्या होत्या. पहिली अशी की भाऊ गिटार वाजवून पैसे मिळवितो, मग तो 'ग्राहक' ठरतो काय? व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तूला हा अपवाद लागू होत नाही. शिवणयंत्र घेणारा शिंपी जसा ग्राहक, तसाच स्वतः वाजविणारा वादकही. दुसरी शंका 'हवामानाला हमी लागू नाही' या छापील वाक्याची. अशी एकतर्फी अट अन्याय्य करार म्हणून आव्हानता येते, पण तो मुद्दा राज्य आयोगापुढे न्यावा लागतो. साध्या माणसाने त्या वाटेला न जाता वस्तू विकतानाच सदोष होती एवढेच दाखवावे, हे बरे. दोष मूळचा ठरला तर हवामानाचा प्रश्न उरत नाही.

तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तिथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, ही नव्या कायद्याची देणगी आहे. दुकान परगावी असले तरी आपल्याला आपले कारवार चालते. मुदत दोन वर्षांची. वकील द्यावाच लागतो असे नाही. दोष डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो. तपासणी नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कलम ३८ सांगते. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो हे सर्वांस ठाऊक आहे. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर विनामूल्य तक्रार नोंदविता येते. इंटरनेटवरून घेतलेल्या मालाबाबत २०२० च्या नियमांनी विक्रेत्याला सदोष माल परत घेणे नाकारण्यास मनाई केली आहे.

हिशेब

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने शेवटी हिशेब मांडलाच पाहिजे. दुरुस्ती १,२०० रुपयांची, गिटार ९,५०० ची. कारवारच्या प्रत्येक खेपेला भावाचा एक दिवसाचा रोजगार बुडणार. अशा वेळी पूर्ण किंमत परत मागणे कायद्यात बसले तरी व्यवहारात शहाणपणाचे नव्हते. म्हणून आम्ही दुकानदारास रजिस्टर पोस्टाने पत्र पाठविले. त्यात खरेदीची तारीख व पावती क्रमांक, दोषाचे वर्णन, खाचेतील कोरड्या लाकडाचे छायाचित्र, कारागिराच्या मताची प्रत आणि एकच मागणी: पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी, अन्यथा जिल्हा आयोगाकडे जाऊ. पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. अकराव्या दिवशी दुकानदारांचा फोन आला. 'हवामान' हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. गणेशचतुर्थीच्या आधी गिटार दुरुस्त होऊन आली. पट्टीचा जोड आजही धरून आहे.

हा विजय लहान आहे. गिटार पाठविण्या-आणण्याचा खर्च भावानेच केला आणि दुरुस्तीच्या तीन आठवड्यांत दोन लग्नांची वाजवणी हुकली. या नुकसानीची भरपाईही मागता आली असती. पण ती मागण्यासाठी लागणारे दिवस त्याच्यापाशी नव्हते. आपल्या तालुक्यासारख्या दूरच्या भागात कायद्याचा हक्क आणि तो वापरण्याची ऐपत यांत असे अंतर राहते. ते कायदा लिहून संपत नाही. ते कमी करण्याचे काम आपल्यासारख्या शिकलेल्या मुलांना करता येईल. गावातील कुणाचा मिक्सर, कुणाचा पंप, कुणाची शेगडी हमीच्या काळात बिघडते. पावती वाचून एक नीट पत्र लिहून देणारा मराठी-कन्नड जाणणारा विद्यार्थी तिथे हवा असतो. 'ग्राहक' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे. त्याचा हक्कही दोन्ही विभागांच्या वाचकांनी सारखाच जाणून घ्यावा, एवढीच विनंती.

— बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग